वडिलांचा जुना पिकअप घरीच दुरुस्त करून पुन्हा उभा करायचाय, रंग आधी की इंजिन?

दोन्ही नाही, आधी पत्रा. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज आतून खातो. गालिचा काढा, केबिनच्या तळाला आणि चॅसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) सांध्यांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली टोक सरळ आरपार गेलं होतं. वर पुट्टी इतकी गुळगुळीत की हाताला कळलंच नाही. असा पत्रा कापून नवा वेल्ड करा, त्यावर पुट्टी भरू नका, एका पावसाळ्यात फुगते. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा थर) मारा. मग ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा, जुना भाग हातात घेऊनच जा.

आणि कृपा करून, मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवायचा विचार असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्या. खासगी वापराच्या ५० वर्षांहून जुन्या दुचाकीची किंवा प्रवासी चारचाकीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी (जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांची खास नोंदणी) होते; पिकअप त्यात बसतो का ते आरटीओत विचारा, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलात तर ती संधी जाते. वडिलांची गाडी आहे, मूळ इंजिन जपा.