वाचकांचे प्रश्न : उस्ताद अल्लारखाँ, साथीदार आणि गुरू

प्रश्न : उस्ताद अल्लारखाँ यांची ओळख पंडित रविशंकर यांचे तबलावादक एवढीच सांगितली जाते. त्यांनी शिकवण्याचे काम केले काय?

उत्तर : भरपूर केले, ही ओळख अपुरी आहे. १९१९ साली जम्मू परिसरात जन्मलेल्या अल्लारखाँ यांनी पंजाब घराण्याचे मियाँ कादिरबख्श यांच्याकडे तालीम घेतली, पुढे मुंबई आकाशवाणीवर नोकरी केली आणि ए. आर. कुरेशी या नावाने काही चित्रपटांना संगीतही दिले, हे पुष्कळ रसिकांच्या गावीही नसते. १९६७ मध्ये माँटेरे आणि १९६९ मध्ये वुडस्टॉक या अमेरिकेतील संगीत महोत्सवांत त्यांनी रविशंकरांना केलेली साथ गाजली खरी. परंतु त्यांच्यातला गुरू पाहायचा तर पढंतीकडे, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याकडे, वळावे. बोलांचे वजन, त्यांतली दाब-घुमाऱ्याची (डग्ग्यावर हाताचा दाब देऊन नाद घुमवण्याची) जागा ते आधी मुखाने स्पष्ट करीत आणि मगच ती बोटांतून उमटे. जन्मल्यावर वडिलांनी आपल्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, असे झाकीर हुसेन सांगत. १९८५ मध्ये अल्लारखाँ यांनी मुंबईत स्वतःची संस्था स्थापन केली. पुत्रांखेरीज योगेश सम्सी, अनुराधा पाल हे त्यांचे शिष्य आज स्वतंत्र वादनासाठी ओळखले जातात.