अमेरिकी लष्कराचं पेन्शन: न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला गेल्यावर राज्याचा कर लागेल का?

वर्षाचं पेन्शन ४०,००० डॉलरच्या आत असेल तर नाही. न्यू जर्सीत ते पूर्ण करमुक्त आहे. व्हर्जिनियात २०२५ पासून ४०,०००पर्यंतच, त्याहून जास्त रकमेवर कर. ५५ वर्षं वयाची जुनी अटही आता नाही.

पण सूट आपोआप मिळत नाही, लोक नेमके इथेच गडबडतात. १०९९-आर या, वर्षभरात मिळालेलं पेन्शन दाखवणाऱ्या फॉर्मवरची करपात्र रक्कम फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमधून जशीच्या तशी राज्याच्या रिटर्नमध्ये उतरते. त्यातली सुटीची रक्कम ‘शेड्यूल एडीजे’ या राज्याच्या रिटर्नसोबतच्या फॉर्मवर तुम्हालाच वजा करून दाखवावी लागते. सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘लष्करी पेन्शन’वर खूण केलीय ना, तेवढं बघा. फेडरल कर मात्र भरावाच लागेल. व्हीएकडून (माजी सैनिकांसाठीच्या फेडरल विभागाकडून) मिळणारी अपंगत्वाची भरपाई यात धरू नका, तिच्यावर कुठलाच कर नाही.