पहिली रहस्यकादंबरी पाठवण्याआधी

चि. लेखकमित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित वाचलं. कोणत्या पुरस्काराला पाठवू, असं विचारलं आहेस. आधी एवढंच सांगतो, छापायची घाई करू नकोस.

रहस्यकथेच्या जगात पदार्पणाला मोठा मान आहे. मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका १९४६ पासून एडगर पुरस्कार देते. पहिल्या कादंबरीचा एडगर तेव्हापासूनचा, 'सर्वोत्कृष्ट कादंबरी'चा मात्र १९५४ मध्ये सुरू झाला! ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशननं पहिल्या कादंबरीच्या डॅगरला (त्यांच्या पुरस्कारांचं हे नाव) आपले संस्थापक जॉन क्रीझी यांचं नाव दिलं. अशा पुरस्कारांत लेखकाला आयुष्यात एकदाच उतरता येतं. कच्ची कादंबरी छापून मोकळा झालास, तर ती संधी गेलीच म्हणून समज.

हस्तलिखिताला मात्र वेगळी वाट आहे. जपानचा एदोगावा राम्पो पुरस्कार अप्रकाशित कादंबरीलाच मिळतो. ब्रिटनच्या त्याच संस्थेचा एक डॅगर कादंबरी न छापलेल्यांसाठी आहे. तिथे सुरुवातीचे जास्तीत जास्त तीन हजार शब्द आणि कथासार मागतात.

आता तुझ्या कथासाराबद्दल. शेवटची ओळ आहे, 'आणि मग भयंकर सत्य समोर येतं.' कोणतं सत्य? परीक्षकापासून खुनी लपवायचा नसतो रे. वाड्याच्या किल्लीचा धागा तू पहिल्याच प्रकरणात फार सुरेख पेरला आहेस, पण तो शेवटी कुठे जाऊन मिळतो हे कळल्याशिवाय तुझी रचना पक्की आहे की नाही, हे त्यानं ठरवायचं कसं? खुनी कोण, त्यानं खून का केला आणि तुझ्या इन्स्पेक्टरबाईंनी कोणत्या पुराव्यावरून त्याला गाठलं, हे तिन्ही सरळ लिही.

पुरस्काराचा पिंडही बघ. शेमस पुरस्कार खासगी गुप्तहेरांच्या कथांसाठी आहे, सरकारी पोलीस त्यात बसत नाहीत. म्हणजे तुझ्या बाई बाद. अगाथा पुरस्कार रक्तपात टाळणाऱ्या पारंपरिक रहस्यकथेचा, आणि तुझं सातवं प्रकरण तर रक्तानं माखलेलं आहे. ते प्रकरण बदलू नकोस. पुरस्कारासाठी कथेचा स्वभाव मोडलेला मला आवडणार नाही.

तेराव्या प्रकरणातली साक्ष अजून पटत नाही. ती नीट कर, कथासार नव्यानं लिही आणि दोन्ही माझ्याकडे पाठव.

तुझा,
काका