बुडापेस्टमधले छत्रीवाल्या बायकांचे पुतळे कोणी केले? त्या शिल्पकाराविषयी सांगाल का?

ते इम्रे वर्गा यांचं काम. जन्म १९२३, शिओफोकचा, म्हणजे बालातोन सरोवराकाठचा. तरुणपणी लष्करी अधिकारी, शिल्पकलेचं रीतसर शिक्षण त्यानंतर, पन्नाशीच्या दशकात.

ओबुडा भागातल्या त्या बायका चौथऱ्यावर नाहीत, रस्त्यावरच छत्र्या धरून उभ्या आहेत. वर्गांची हीच खासियत: पुतळा माणसांत आणून सोडायचा. हंगेरीतल्या पेच शहरात त्यांचा संगीतकार लिस्ट तर चक्क सज्जातून खाली वाकून बघतो!

माझ्या मते सर्वांत थोर काम मात्र बुडापेस्टच्या दोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगमागे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळामागे) आहे. धातूचं रडणारं विलोचं झाड, नाझींनी मारलेल्या हंगेरियन ज्यूंच्या स्मरणार्थ. पानांवर मृतांची नावं कोरलेली आहेत. पैसा उभा केला अभिनेता टोनी कर्टिसच्या प्रतिष्ठानाने. त्याचे वडील इमॅन्युएल हंगेरीतून अमेरिकेत गेलेले, म्हणून प्रतिष्ठानाला त्यांचंच नाव.

सरकारी कामंही वर्गांनी भरपूर केली, हे लपवण्यात अर्थ नाही. १९१९ च्या कम्युनिस्ट राजवटीचा नेता बेला कुन याचं त्यांनी १९८६ मध्ये केलेलं स्मारक हंगेरीतली कम्युनिस्ट सत्ता संपल्यावर हलवलं गेलं. आता ते शहराबाहेरच्या मेमेंटो पार्कमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट काळातले पुतळे ठेवलेल्या बागेत, आहे. पण १९८७ मध्ये, कम्युनिस्ट राजवट असतानाच, ज्यूंना वाचवणाऱ्या राऊल वॉलेनबर्गचं स्मारकही त्यांनीच उभारलं.

२०१९ मध्ये ते गेले. ओबुडात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, छत्रीवाल्या बायकांपासून दोन मिनिटांवर.