वाचकांचे प्रश्न : कापूसपेठेची जुनी दप्तरे

बेळगावकडच्या बैलहोंगल, गोकाक, शहापूर, सौंदत्ती या भागांतून घरातल्या जुन्या व्यापारी कागदांविषयी पत्रे आली आहेत. बहुतेक कागद १९०० ते १९३० या काळातले, कापसाच्या देवघेवीचे आणि मोडीत लिहिलेले आहेत. उत्तरे देण्याआधी सर्वांनाच एक विनंती. कागदावरची रक्कम नंतर वाचा, आधी साल आणि हद्द वाचा. आपल्या भागात इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख शेजारी शेजारी होते आणि कायदे या तीस वर्षांत अनेकदा बदलले. या दोन गोष्टी कळल्याशिवाय कागदाचा अर्थ लागत नाही.

प्रश्न : आमच्या पणजोबांची बैलहोंगलात कापसाची अडत (दलालीवर माल विकून देण्याची पेढी) होती. खतावणीत (खातेवार वहीत) एका शेतकऱ्याच्या खात्यावर दर दोन-अडीच वर्षांनी बाकी काढून, एक आण्याचे तिकीट लावून त्याची निशाणी घेतलेली आहे. मधल्या काळात देणेघेणे काहीच नाही. मग ही निशाणी कशासाठी? – एक वाचक, बैलहोंगल

उत्तर : याला रुजूखाते म्हणत. साध्या उधारीची फिर्याद लावायला १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे दिली होती; त्याआधीच्या १८७७ च्या कायद्यातही तेवढीच होती. तीन वर्षे उलटली की येणे बुडाले. पण मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने 'इतकी बाकी माझ्याकडे आहे' असे लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होत. म्हणून हुशार अडत्या तिसरे वर्ष भरायची वाट पाहत नसे. सुगीनंतर शेतकरी पेठेत आला की बाकी काढून खाते रुजू करून घ्यायचा. आपल्या वहीत निशाणी नांगराची असेल. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढी आणि शेजारी लिहिणाऱ्याचे 'दस्तुर' (कोणाच्या हातचे लिखाण ते) असे.

तिकीट का, ते नीट समजून घ्या, कारण अनेक फिर्यादी नेमक्या इथे फसत. वीस रुपयांवरच्या बाकीची कबुली सावकाराच्या वहीत लिहून दिली, तर १८९९ च्या स्टँप कायद्याप्रमाणे एक आणा लागे. मोठ्या स्टँपाचा दस्त कमी स्टँपावर झाला असेल, तर दंड भरून तो कोर्टात दाखल करता येई. एक आण्याच्या कागदाला ही सवलत नव्हती. तिकीट नाही तर कबुली पुराव्यात नाही, दंड देऊनसुद्धा नाही. तिकीट लावले पण सही त्याच्यावरून ओढून ते रद्द केले नाही, तर तेही न लावल्यासारखेच. म्हणून जुन्या वह्यांत निशाणीची एक रेघ तिकिटावर गेलेली दिसते.

दुसरी चूक मजकुरातली. 'बाकी रुजू' एवढेच लिहिले तर ती कबुली. 'अमुक महिन्यात व्याजासह देईन' असे पुढे जोडले की ती नुसती कबुली राहत नाही, करार किंवा वचनचिठ्ठी होते आणि तिला स्टँप वेगळा. उलट, तीन वर्षे आधीच उलटून गेली असतील तर नुसत्या 'बाकी रुजू'ने मेलेले येणे जिवंत होत नसे. तिथे 'देईन' असे स्पष्ट वचनच सहीनिशी घ्यावे लागे, कारण १८७२ च्या कराराच्या कायद्याने मुदतबाह्य देण्याचेही लेखी वचन ग्राह्य धरले होते. म्हणून आपल्या वहीतल्या प्रत्येक रुजूची तारीख आधीच्या रुजूशी ताडून पाहा. अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त असेल आणि मजकुरात 'देईन' नसेल, तर तिथे धागा तुटला आहे.

वहीतली नोंद एकट्याच्या बळावर कोणालाही देणेकरी ठरवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुराव्याच्या कायद्यात हा नियम सुरुवातीपासून आहे. रोजकीर्दीतली (रोजच्या व्यवहारांच्या वहीतली) त्या दिवसाची नोंद, मालाची चिठ्ठी किंवा सही अशी जोड लागते. आज या खात्यावर वसुली काही होणार नाही. पण रोजकीर्द आणि खतावणी यांची जोडी फोडू नका. एकीवाचून दुसरी मुकी आहे.

प्रश्न : जमाखर्चात खंडी, मण आणि नागा अशी तिन्ही मापे येतात आणि हिशेब जुळत नाही. – एक वाचक, गोकाक

उत्तर : जुळत नाही कारण खंडी दोन होत्या. मुंबईचा मण २८ पौंडांचा. इतर मालाची खंडी २० मणांची म्हणजे ५६० पौंडांची, पण रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी २८ मणांची म्हणजे ७८४ पौंडांची. मुंबईचा कापसाचा भाव या मोठ्या खंडीवर निघे. गाठ म्हणजे तिच्या निम्मी, ३९२ पौंड रुई.

नागा हे सरकीसकट कापसाचे माप. हुबळी-धारवाड बाजूला तो १,३४४ पौंडांचा, म्हणजे ४८ मणांचा धरत. तेव्हा नाग्याचा आकडा आणि खंडीचा आकडा थेट ताडून पाहायचा नाही, मधे जिनिंग (सरकी वेगळी काढणे) आहे. शंभर पौंड कापसातून २८ पौंड रुई निघते असे धरले, तर एका नाग्यातून सुमारे ३७६ पौंड रुई मिळते, म्हणजे गाठीला थोडी कमीच. उरलेली सरकी, शिवाय थोडी घट. कुमठा या कापसाच्या जातीचा उतारा (रुईचे प्रमाण) यापेक्षाही कमी पडे. ही घट व्यापारी भावात धरत असे, आणि उतारा कमी धरून भाव पाडणे हा शेतकऱ्याला सर्वांत सहज फसवण्याचा मार्ग होता, कारण उतारा जिनात ठरे आणि शेतकरी तोवर गावी परतलेला असे.

शेवटी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. बेरीज दशमानात केली तर दर पानाला चूक होईल.

प्रश्न : पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर) अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशा वजावटी आहेत. त्या कायदेशीर होत्या का? – एक वाचक, सौंदत्ती तालुका

उत्तर : पेठेची वहिवाट हाच तेव्हा कायदा होता. कडता म्हणजे वजनातली सूट; बारदान, ओल, कचरा यांच्या नावाने काही शेर आधीच कापत. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असल्याने शेजारच्या गाडीला काय मिळाले हे शेतकऱ्याला कळत नसे. मुंबई इलाख्यात कापसाच्या बाजारांसाठी १९२७ चा कायदा झाला, तेव्हा कुठे बाजार समिती, परवानाधारक अडत्ये-तोलारी आणि ठरलेल्या वजावटी यांची सोय झाली. सर्व शेतमालासाठीचा कायदा १९३९ चा. त्याआधी शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग होता तो सहकारी विक्रीचा: हुबळीत १९१५ साली आणि गदगला १९१७ साली कापूस विक्रीच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. आपली पट्टी कोणत्या सालची आहे त्यावरून वजावट कुणी ठरवली ते कळेल.

गाठींवरचे क्रमांक पट्टीत दिसत असतील तर त्यांची नोंद करून ठेवा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती बांधणाऱ्या प्रेसची खूण आणि अनुक्रम घालणे सक्तीचे झाले. हलकी रुई मिसळली तर कुठल्या प्रेसमध्ये, ते शोधता यावे हा हेतू.

प्रश्न : १९१२ च्या कागदात असे आहे : 'पाच वर्षांत रुपये फेडीन, न फेडल्यास हेच खरेदीखत समजावे.' त्याच दिवशी आजोबांनी सावकाराला कबुलायतही (खंडाने जमीन कसण्याचा करार) लिहून दिली आहे. जमीन गहाण पडली की विकली गेली? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : हे गहाणलहान. रूप विक्रीचे, पोटात गहाण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात याला शर्तीच्या विक्रीचे गहाण म्हटले आहे. मुदत टळली म्हणून सावकार आपोआप मालक होत नव्हता. त्याला कोर्टात जाऊन गहाण सोडवण्याचा हक्क बंद करणारा हुकूमनामा घ्यावा लागे. तसा हुकूमनामा दप्तरात आहे का, हे आधी शोधा.

खरी विक्री की गहाण हे ठरवताना कोर्टे पुढील गोष्टी पाहत : किंमत जमिनीच्या मोलापेक्षा फारच कमी आहे का, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत होता, आणि कबुलायतीतला खंड किती आहे. शेवटची खूण बहुधा बोलकी असते. खंड पिकाच्या मानाने न येता मुद्दलाच्या व्याजाइतका भरत असेल, तर तो खंड नसून व्याज आहे. आपल्या दोन्ही कागदांवरचे आकडे घेऊन हे गणित करा. परत देण्याची शर्त वेगळ्या कागदावर लिहिली असेल तरी १९१२ च्या व्यवहारात तिचा विचार होई. १९२९ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल १९३० पासून, शर्त विक्रीच्या कागदातच नसेल तर ते गहाण मानले जात नाही.

रक्कम शंभर रुपये किंवा जास्त असेल तर दस्ताची नोंदणी हवीच. सब-रजिस्ट्रारकडे स्थावराचे दस्त पुस्तक नंबर १ मध्ये असतात आणि ते कोणालाही पाहता येतात. नावावरून शोधायचे तर सूची नंबर १, जमिनीवरून शोधायचे तर सूची नंबर २. गावाचे जुने नाव आणि सर्व्हे नंबर घेऊन जा; जमिनीच्या वाटणीनंतर हिस्सा नंबर बदललेले असतात. मग तलाठ्याकडची वर्दी किंवा फेरफार (मालकीबदलाची नोंद) मागा. हक्कनोंदणीचा कायदा आपल्याकडे १९०३ चा, त्यामुळे १९१२ ची नोंद निघण्याची शक्यता चांगली. १९४० च्या दशकातला कर्जनिवारण कोर्टाचा निवाडाही शोधा. शेतकरी कर्जनिवारणाचे १९३९ आणि १९४७ चे कायदे अशाच कर्जांसाठी होते.

आज सोडवता येईल का? साध्या गहाणाला जुनी मुदत साठ वर्षांची होती, १९६३ च्या कायद्याने ती तीस झाली, आणि जुन्या गहाणांना दिलेली जादा सवलतही १९७० अखेर संपली. ताबेगहाणाचे (जमिनीचा ताबा सावकाराला देऊन केलेल्या गहाणाचे) मात्र वेगळे आहे : मुदत न ठरवलेल्या ताबेगहाणात पैसे फिटल्यापासून काळ मोजायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. आपल्या कागदात पाच वर्षांची मुदत आहे आणि ताबा कबुलायतीने घरातच राहिलेला दिसतो, म्हणून हा निकाल थेट लागू होईल असे धरून चालू नका. शिवाय १ मार्च १९७४ ला कुळांच्या ताब्यातल्या जमिनी कर्नाटक सरकारकडे गेल्या. त्या दिवशी पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) कोणाचे नाव होते ते पाहूनच वकिलाकडे जा.

प्रश्न : शहापूरच्या पेढीचा दस्त सांगली संस्थानच्या स्टँपावर आहे, देणेकरी बेळगावचा. मग वसुली कशी होत असे? – एक वाचक, शहापूर

उत्तर : शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, बेळगाव इंग्रजी मुलखात. एकाच बाजाराच्या दोन टोकांना दोन राज्ये. संस्थानच्या कोर्टाचा हुकूमनामा इंग्रजी हद्दीत परक्या कोर्टाचा. सरकारने १९०८ च्या दिवाणी कायद्याखाली तसा जाहीरनामा काढला असेल तरच तो थेट बजावता येई, नाहीतर त्या निकालावर नवी फिर्याद लावावी लागे. म्हणून शहाणी पेढी बेळगावच्या देणेकऱ्याकडून इंग्रजी स्टँपावर दुसरा दस्तही करून घेई. आपल्या पेटीत त्याचा जोडीदार शोधा.

प्रश्न : मुंबईवर काढलेल्या हुंडीत (पैसे देण्याच्या व्यापारी चिठ्ठीत) 'निमे' असे का लिहितात? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून. 'रुपये ५००, निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे' असे लिहिले की एका ठिकाणी खाडाखोड करून भागत नाही. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त पेठेतल्या पतदार पेढीलाच द्यायचे. हुंडी खोटी निघाली तर ती पेढी पैसे परत करी. हुंडी हरवल्यास पेठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवल्यास परपेठ म्हणजे तिसरी. फिटलेली हुंडी म्हणजे खोका, आणि घराघरांत राहिले आहेत ते बहुधा खोकेच.

प्रश्न : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूसगावांत याच काळी सावकारी कशी चाले? आपल्याशी साम्य होते का? – इतिहासाची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : धारवाड-अमेरिकन कापसाचे बी तिकडूनच, न्यू ऑर्लिन्सकडून, १८४० च्या दशकात आले, तेव्हा प्रश्न योग्य आहे. तिकडे तारण उभ्या पिकाचे. दुकानदार फेब्रुवारी-मार्चपासून धान्य, खत, कापड उधार देई आणि पीकतारणाची नोंद काउंटीच्या कोर्टातल्या वहीत होई. दुकानात दोन भाव असत, एक रोखीचा, एक उधारीचा. व्याज या फरकात लपलेले असे. जमीनमालकाचा हक्क दुकानदाराच्या आधी, म्हणून दुकानदार मालकाकडून हक्क सोडल्याची चिठ्ठी घेई. जॉर्जियात वाट्याने कसणारा कायद्याने कूळही नव्हता, मजूर होता, पीक मालकाचे. आपल्याकडे उभे पीक जंगम मानले जाई, त्याला नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून मोठ्या कर्जाला सावकार जमिनीचाच दस्त मागे.

साम्य मजुरांच्या बाबतीत कडू आहे. अलाबामात उचल घेऊन काम सोडणाऱ्याला फसवणुकीचा गुन्हेगार धरणारा कायदा होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये रद्द केला. आपल्याकडे उचल घेऊन काम न करणाऱ्या कामगाराला कैदेपर्यंत नेणारा १८५९ चा कायदा १९२५ मध्ये रद्द होईपर्यंत टिकला.

अभ्यासासाठी १९१४ चे साल घ्या. जुलैअखेर युद्धामुळे लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कचे कापूसबाजार बंद पडले. तिकडे वेचणी तोंडावर होती, त्यामुळे फटका लगेच बसला. आपल्याकडे तेव्हा पेरणीचे दिवस, वेचणी फेब्रुवारीनंतरची. म्हणून इकडच्या वह्यांत परिणाम १९१४ च्या पानांवर शोधू नका. शके १८३६ च्या माघापासून शके १८३७ च्या वैशाखापर्यंतची पाने काढा आणि नाग्याचा भाव आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा.