लिफ्ट थांबल्यावर येणारा तो ‘खट्ट’

तुमचा प्रश्न असा: आजोळच्या जुन्या इमारतीतली जाळीची लिफ्ट मजल्यावर थांबली की ‘खट्ट’ व्हायचं आणि मगच बाहेरचं दार उघडायचं. एखाद्या मजल्यावर दार नीट लागलं नसेल, तर लिफ्ट जागची हलायची नाही. हे कसं काय?

मी ३० वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. सुरुवातीची बरीच वर्षं दक्षिण मुंबईतल्या अशाच लिफ्टवर गेली. तो ‘खट्ट’ रिटायरिंग कॅमचा, म्हणजे मागे सरकणाऱ्या एका पट्टीचा. मला तो आवाज आजही आवडतो, कारण जिन्यात उभं राहून नुसत्या त्या आवाजावरून लिफ्टची तब्येत कळायची.

अशा लिफ्टला दारं दोन. आतलं कारबरोबर, म्हणजे माणसं उभी राहतात त्या पिंजऱ्याबरोबर फिरतं, बाहेरचं ज्या त्या मजल्यावर असतं. दोन्ही दारं हातानंच उघडायची, दारासाठी मोटर नव्हतीच. जाळीच्या दारात उभ्या पट्ट्यांना तिरप्या पट्ट्या कात्रीसारख्या रिव्हेट केलेल्या असतात, त्यामुळे एक टोक ओढलं की सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरानं जवळ येतात. जागा कमी लागते, वाराही येतो. पण त्या फटींत लहान मुलांची बोटं जातात, म्हणून मला ते दार कधीच पसंत पडलं नाही.

खरी करामत बाहेरच्या दाराच्या लॉकमध्ये आहे. प्रत्येक मजल्याच्या चौकटीत लॉकची पेटी असते. तिच्यातून एक छोटा दांडा शाफ्टच्या, म्हणजे कार वर-खाली करते त्या उभ्या पोकळीच्या बाजूला आलेला असतो आणि त्याच्या टोकाला रोलर. कारच्या अंगाला एक उभी लांब पट्टी असते, ती म्हणजे कॅम. कार मजल्यावर थांबली की कॅम बाहेर येऊन रोलरला दाबतो, आतली खिट्टी सरकते आणि दार मोकळं होतं. बाकीच्या मजल्यांचे रोलर दाबायला तिथे कारच नाही, म्हणून ती दारं बंदच राहतात.

कॅम कायमचा बाहेर ठेवला असता तर? तळमजल्यावरून पाचव्यावर जाताना त्यानं वाटेतला प्रत्येक रोलर ठोकला असता आणि क्षणभर प्रत्येक दार उघडं पडलं असतं. म्हणून लिफ्ट चालू असताना विद्युतचुंबकाच्या कॉइलमध्ये वीज सोडून त्याला आत ओढून धरतात. वीज तोडली की तो स्प्रिंगनं किंवा स्वतःच्या वजनानं बाहेर येतो. ही दिशा मुद्दाम अशी ठेवलेली आहे: लिफ्ट मजल्याला लागलेली असताना वीज गेली, तरी दार उघडून माणूस बाहेर येऊ शकतो.

आता बटण दाबल्यावरचा क्रम बघा. आधी कॅम आत जातो. रोलर सुटतो, खिट्टी बसते. खिट्टी बसली की लॉकचा कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेचा सांधा, जुळतो. त्यानंतरच ब्रेक सुटून मोटर फिरते. दार लावल्यावर लिफ्ट निघण्याआधी क्षणभर थबकायची, ती यासाठी.

हे सगळे कॉन्टॅक्ट एकाच माळेत जोडलेले असतात. तळमजला धरून ८ दारं असतील, तर प्रत्येक दाराचा एक आणि लॉकचा एक असे १६, शिवाय आतल्या जाळीचा १. या १७ पैकी एक जरी सुटला, तरी मोटरला वीज मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावर कुणी घाईत दार अर्धवट ढकलून गेलं की सगळी इमारत जिन्यात येऊन ‘लिफ्टचं दार लावाऽऽ’ म्हणून ओरडायची, ती यामुळेच.

एका इमारतीत माझ्याआधी कुणीतरी कॉन्टॅक्टवर तारेचा तुकडा मारून तो कायमचा जोडून टाकला होता. त्या मजल्याची खिट्टीही झिजलेली. मी गेलो तेव्हा दार सताड उघडं, समोर काळोखा शाफ्ट आणि कार दोन मजले वर. मी मेन स्विच काढून घेतला. नवीन लॉक येईपर्यंत ४ दिवस लोक माझ्यावर चिडून होते. चिडू दे म्हटलं, त्या मजल्यावर एक रांगतं मूल होतं.

आपोआप उघडणाऱ्या दारांची खटपटही जुनीच आहे. अमेरिकेत डुलुथ गावच्या अलेक्झांडर माइल्स या कृष्णवर्णीय संशोधकानं १८८७ मध्ये पेटंट घेतलं. त्यात कारच्या ये-जा करण्यानंच पट्टा, रूळ आणि दांडे हलून शाफ्टचं दार उघडायचं नि मिटायचं. पुढे कारच्या डोक्यावर दारासाठी वेगळी मोटर आली. ती एक चाक साधारण अर्धा फेरा फिरवते आणि चाकाला जोडलेला दांडा दार ओढतो. चाक एकाच गतीनं फिरलं, तरी दार झोपाळ्यासारखं चालतं: दोन्ही टोकांना हळू, मध्ये वेगात. म्हणून ते चौकटीवर आदळत नाही. बाहेरच्या दाराला तिथेही स्वतःची मोटर नसते. कारच्या दारावरची पट्टी त्याच्या रोलरमध्ये अडकते आणि त्याला सोबत घेऊन जाते.

आजोळची ती लिफ्ट अजून चालू असेल, तर एकदा एवढं करून बघा. कार तुमच्या मजल्यावर नसताना, पाय भक्कम रोवून आणि अंग मागे ठेवून बाहेरचं दार हलकेच ओढा. ते उघडलं, तर त्याच मिनिटाला लिफ्ट बंद करायला सांगा आणि दारापाशी कुणालातरी उभं करून मगच मेकॅनिकला फोन करा.