डायलिसिस आणि काचबिंदू

प्रश्न : मधुमेहामुळे माझ्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांचे डायलिसिस चालू आहे. त्यांना काचबिंदूचा धोका अधिक आहे का?

उत्तर : काही अभ्यासांत तसा संबंध आढळला आहे, मात्र मधुमेह व उच्च रक्तदाब हे मूत्रपिंड व डोळा या दोन्ही अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करीत असल्याने नेमके कारण वेगळे काढणे कठीण जाते. डायलिसिस सुरू असताना रक्तातील युरिया झपाट्याने उतरतो आणि काही रुग्णांच्या डोळ्यांतील दाब वाढतो; त्या वेळी डोळा दुखल्यास किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसल्यास लगेच सांगावे. माझ्या मते त्याहून महत्त्वाची बाब औषधाची आहे. काचबिंदूत डोळ्यांतील दाब उतरवणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर पडते, म्हणून नेत्रतज्ज्ञांना डायलिसिसची कल्पना आधीच द्यावी.